आईसाठी नळ

मी दातांचा डॉक्टर आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो तो हेच काढून मला टोचणार आहे. ताश्कंदच्या चिलोनझार भागातल्या आमच्या मोहल्ल्यात निम्म्या लोकांच्या तोंडात माझ्या हातचं सोनं आहे. त्यामुळे माझी फजिती झाली की लोक मला हसतात ते मीच बसवलेल्या दातांनी. दात इतके पक्के बसवलेत की कितीही हसले तरी कुणाचं काही सैल होत नाही. माझ्या कामाची एवढी पावती मला पुरे आहे.

आता नळाकडे येतो.

आमच्या इमारती ज्यांनी बांधल्या, त्यांचं असं ठाम मत होतं की माणूस एका वेळी एकच काम करतो. अंघोळ तरी करेल, नाहीतर तोंड तरी धुवेल. म्हणून टब आणि बेसिन यांच्यामध्ये भिंतीवर त्यांनी एकच नळ लावला, लांब मानेचा. मान डावीकडे ढकलली की पाणी टबात, उजवीकडे ओढली की बेसिनमध्ये, आणि मधेच कुठे राहिली की फरशीवर. त्याच्या चाव्या मात्र टबाच्या बाजूला. म्हणजे हात धुवायचे तर आधी टबावर ओणवं व्हायचं, चावी फिरवायची, मान ओढायची, मग कंबर धरून सरळ व्हायचं आणि बेसिनपाशी यायचं. तोवर गरम पाण्याचं थंड झालेलं असतं. आम्हाला याची सवय आहे. माझ्या आईला नाही.

आई डोंगराकडच्या पार्केंट गावात असते, माझ्या धाकट्या भावाकडे, एर्गशकडे. आमच्याकडे रीतच ती. आईबाप धाकट्याचे, घर धाकट्याचं, अंगणातली द्राक्षं धाकट्याची. थोरल्याने शिकावं, शहरात जावं आणि सणाला मिठाईचा नाहीतर फळांचा डबा घेऊन पाहुण्यासारखं यावं. मी पन्नाशी ओलांडली, पण आई माझ्या घरी दोन रात्रींच्या वर कधी राहिलेली नाही. दिवसातून पाच वेळा, नमाजाआधी हातपाय धुवून वजू करायची, गुडघे धरलेले, ओणवं होताना टबाची कड धरावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणणार, "तुझा नळ मला जमत नाही रे," आणि दुपारी एर्गश गाडी घेऊन दारात. हे इतक्यांदा झालंय की मला त्या गाडीच्या भोंग्याचा आवाज दुरून ओळखू येतो.

या हिवाळ्यात मात्र मी हट्टाला पेटलो. पार्केंटला अंगणातला नळ थंडीत गोठतो, डोंगरावरून वारा येतो, आईचं वय झालं. मी फोनवर तिला हे सगळं वकिलासारखं मांडून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नळाचं काही करणार असशील तर येते. नवरोजपर्यंत राहीन." नवरोजपर्यंत! म्हणजे मार्च संपत येईपर्यंत, अख्खा हिवाळा! फोन ठेवल्याठेवल्या मी बायकोला सांगायला धावलो.

"नळाचं ती निमित्त सांगते हो," माझी बायको सआदत म्हणाली. ती औषधांच्या दुकानात असते आणि लोक एक दुखणं सांगून दुसऱ्याचं औषध मागतात हे तिला रोज बघायला मिळतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

बांधकामाच्या बाजारात नळाच्या दुकानदाराने मला पाहताच तोंड उघडून दाखवलं. "डॉक्टर, खालचा डावा! तुमचाच!" म्हणाला. त्यानंतर घासाघीस करायची सोय उरली नाही. नळ मात्र सुरेख होता. चकचकीत, बेसिनवरच उभा राहणारा, वर एकच दांडी. एका बोटाने उचलली की पाणी, दाबली की बंद. आईच्या एका बोटात तेवढी ताकद नक्की आहे, त्या बोटाने तिने आम्हा दोघा भावांना आयुष्यभर धाकात ठेवलंय.

घरी आणून बेसिनपाशी धरला तेव्हा कळलं की बेसिनला नळाचं भोकच नाही. बरोबरच आहे. ज्या बेसिनच्या नशिबात नळ नव्हता, त्याला भोक कशाला पाडतील? म्हणून नवं बेसिन आणलं. जुनं काढायला गेलो तर त्याच्याबरोबर भिंतीच्या फरश्या आल्या, कारण इतकी वर्षं त्या भिंतीला नाही तर बेसिनला धरून उभ्या होत्या. फरश्यांमागे नळी दिसली. ती पाहिल्यावर मी कुणाला न सांगता दार लावून घेतलं. किडलेली मुळं मी जन्मभर पाहत आलोय, पण ती माणसाची असतात आणि माणसाला भूल देता येते.

नळी कापायची तर सगळ्या मजल्यांना पाणी नेणाऱ्या उभ्या नळाचं पाणी तळघरातून बंद करायला हवं. त्यासाठी इमारतींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो. खिडकीत बसलेल्या बाईंनी आमच्या घराचा नकाशा काढला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या न्हाणीघरात पाण्याची जागा एक आहे. तुम्ही दोन करताय. ही घराची फेररचना झाली."

"फेररचना नाही हो, नळ आहे."

"नळ म्हणजे पाण्याची जागा. दोन नळ म्हणजे दोन जागा. वास्तुरचनाकाराचं पत्र लागेल. खालच्या मजल्याची संमती लागेल."

"बाई, माझी आई म्हातारी आहे. तिला ओणवं होता येत नाही."

"आईचा दाखला नको," त्या म्हणाल्या. "खालच्या मजल्याची संमती आणा."

खालच्या मजल्यावर मार्गारिता पाव्लोव्ना राहतात. त्यांचे आजोबा कोरियातले, त्या स्वतः जन्मापासून ताश्कंदच्या, आणि आयुष्यभर मुलांना बुद्धिबळ शिकवलेलं. त्यामुळे समोरचा माणूस दार वाजवतो तेव्हाच त्याच्या पुढच्या चार चाली त्यांच्या ध्यानात आलेल्या असतात. दार अर्धं उघडून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, संमतीबिमती मी देत नाही. फक्त सांगून ठेवते, माझं छत नुकतंच रंगवलंय. आणि माझ्या छतातून आजवर जे जे पाणी आलं, ते तुमचंच होतं."

परत कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाई चहा पीत होत्या. म्हणाल्या, "अहो, एवढं कशाला फिरताय? पाणी बंद करायची तळघराची किल्ली तुमच्या मोहल्ल्याच्या रिख्सी-अकांकडे असते. त्यांना मागा." मी विचारलं, मग पत्र, संमती? "ती हवीतच," त्या म्हणाल्या, "पण किल्ली त्यांच्याकडे आहे." सरकारी कचेरीतून बाहेर पडताना माणसाला आपण मूर्ख आहोत असं वाटतं, ते काही उगीच नाही.

आणि इथे माझ्या हातून ती चूक झाली.

रिख्सी-अका, अका म्हणजे दादा, आमच्या मोहल्ल्याचे प्रमुख. पांढरी दाढी, डोक्यावर चौकोनी टोपी, तोंडात पुढचे तीन दात माझे. ते अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बाकावर बसले होते, भोवती आणखी चारपाच जण सोंगट्या खेळत. मी सरळ गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "अका, तळघराची किल्ली हवी होती. घरात जरा काम काढलंय."

आमच्याकडे माणसाने चार लोकांत 'घरात जरा काम काढलंय' एवढं म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो, तो हशर मागतोय. हशर म्हणजे अख्खा मोहल्ला बिनमजुरी तुमच्या कामाला लागणार आणि तुम्ही अख्ख्या मोहल्ल्याला पुलाव घालणार. भिंत उभी करायची, छत टाकायचं, पाट उपसायचा असला तर याच्यासारखी सोय जगात नाही. आणि नको म्हणायची तर अजिबात सोय नाही. नको म्हणणारा एकतर माजलेला, नाहीतर घरात काहीतरी लपवून ठेवलेला. मी याच रीतींत जन्मलो, याच रीतींत वाढलो. हे बोलणं किल्लीपुरतं एकांतात करायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माझ्या डोक्यात नळ्या होत्या.

सोंगट्या थांबल्या. रिख्सी-अकांनी छातीवर हात ठेवला. "डॉक्टर! किती वर्षांत तुम्ही मोहल्ल्याला हाक मारली नव्हती. आम्ही म्हणायचो, शिकलेला माणूस, आपली गरज नसेल."

"नाही नाही अका, फार छोटं काम आहे. नळ बसवायचाय. तोलिब-उस्ताला मी सांगितलंय."

"तोलिबला?" ते दुखावले. "पैसे देऊन? आणि आम्ही काय मेलो?"

"न्हाणीघर लहान आहे अका. एक माणूस मावतो, तोही कोट काढला तर."

"माणसं मनात मावायला हवीत," ते म्हणाले, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. "रविवारी सकाळी. तांदूळ देवझिराच आणा, दुसरा पुलावाला चालत नाही. मटण मी बघतो कुठलं ते."

मी तोलिब-उस्ताकडे धावलो. हा खरा नळवाला, सगळा चिलोनझार याच्या हाताखालून गेलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसले. "आता कसं येणार डॉक्टर? हशराच्या कामाची मजुरी घेतली तर लोक तोंडात शेण घालतील. आणि मजुरी घ्यायची नाही तर पाना कशाला उचलू?" मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "पण येईन. पाहुणा म्हणून येईन."

रविवारी सकाळी अंगणात भलीमोठी कढई चढली आणि मोहल्ला कामाला लागला. न्हाणीघरात मी, रिख्सी-अका आणि एक बसचालक इतके मावलो. बाकीचे बोळात रांगेने, त्यामागचे जिन्यात, आणि जिन्यातही न मावलेले खाली कढईभोवती गाजरं चिरत. ज्यांनी नळ डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता त्यांचे सल्ले जिन्यावरून एकेक पायरी चढत वर येत होते. तोलिब-उस्ता बोळात स्टुलावर, हातात चहाचा पियाला. फक्त मधूनच "च्च" करायचा. त्याने च्च केलं की सगळं काम थांबायचं.

"काय झालं उस्ता?"

"काही नाही. चालू द्या तुमचं."

पहिला तंटा जोडाला काय गुंडाळायचं यावर लागला. रिख्सी-अका म्हणत, सफेदा लावलेला तागाचा धागा, त्यांच्या वडिलांनी तोच लावला आणि तो अजून गळत नाही. बसचालक म्हणे, आता जग पांढऱ्या टेपवर आलं. बोळात लगेच दोन पक्ष पडले. धाग्याचा पक्ष वयाने मोठा होता आणि टेपचा पक्ष संख्येने. कुणीतरी मला विचारलं, "डॉक्टर, तुमचं काय मत?" मी म्हणालो, "कुठलंही लावा, पण लावा." हे दोन्ही पक्षांना लागलं. "दातात स्क्रू फिरवता ना तुम्ही?" रिख्सी-अका म्हणाले, "मग जोडाला काय लागतं ते कळत नाही?" आणि हसले, माझ्या तिन्ही दातांनी.

मग कुणीतरी तळघरात जाऊन पाणी बंद केलं. आमच्या उभ्या नळावरच्या सगळ्या मजल्यांचं बंद झालं. वरची मंडळी भांडायला खाली आली. हशर आहे कळल्यावर भांडण जिथल्या तिथे राहिलं आणि ती रांगेत उभी राहिली. मी पाना लावला. जुना जोड हलेना. बसचालकाने माझ्या हातावर हात ठेवून जोर दिला, त्याच्या हातावर रिख्सी-अकांनी दिला, बोळातल्यांनी तोंडाने दिला, आणि नळी भिंतीतून मुळासकट माझ्या हातात आली.

वरच्या मजल्यांचं नळात साठलेलं सगळं पाणी त्या भोकातून आलं. ते काही फार वेळ आलं नाही, पण त्याने वेळ वाया घालवला नाही. मी टबात उडी मारली, पँट गुडघ्यापर्यंत, आणि अंगठा भोकात घातला. बोळातून "च्च" ऐकू आलं. थोड्याच वेळात मार्गारिता पाव्लोव्ना रिकामी बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी टबात, भोकात अंगठा घालून उभा होतो आणि त्या दारातून माझ्याकडे बघत होत्या.

"मला कळलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या, "पण रविवार असेल असं वाटलं नव्हतं."

आणि नेमका त्याच क्षणी खाली तो भोंगा वाजला.

आई सोमवारी यायची होती. पण रिख्सी-अकांचा मेहुणा पार्केंटला द्राक्षांचा व्यापार करतो, त्याच्या तोंडून बातमी एर्गशला कळली. थोरल्या भावाच्या घरी हशर आणि धाकटा भाऊ तिथे नाही, म्हणजे त्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून तो आईला, दोन पेट्या द्राक्षं आणि स्वतःचा पाना घेऊन एक दिवस आधीच आला. आई जिन्यातल्या माणसांचे सलाम घेत घेत वर चढली आणि न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मीरवाहिद," ती म्हणाली, "हे काय?"

"तुझा नळ, आई."

"बरं," ती म्हणाली, आणि बायका बसल्या होत्या त्या खोलीत गेली.

"अका, सरका," एर्गश कोट काढत मला म्हणाला. मी सरकलो नाही. आयुष्यात एक गोष्ट मी त्याच्या आधी धरली होती आणि ती नळी होती.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा घरात थेंबभर पाणी नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कारणासाठी हा सगळा घाट घातला तेच आईला मिळेना. पण बायकांनी कुठून कुठून पाणी आणलं. पलीकडच्या जिन्यावरून बादली आली, मार्गारिता पाव्लोव्नांनी आपली किटली तापवून आणली. बादलीऐवजी आता त्यांच्या हातात किटली होती आणि काखेत गाजराच्या तिखट कोशिंबिरीचा वाडगा. एकीने आईच्या हातावर पाणी घातलं, एकीने पायांवर, तिसरीने खाली परात धरली, चौथी पंचा घेऊन उभी. आई मधे बसून, कोण कुणाची सून, कुणाला मूल झालं, कुणाचा नवरा कोरियाला कामाला गेला, सगळं विचारत होती. भिंतीपलीकडून मला तिचं हसू ऐकू येत होतं. इतकं मोठ्याने हसताना मी तिला किती वर्षांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं, घर आवडलेलं दिसतंय.

शेवटी काम झालं ते पुलावामुळे. तांदूळ वाफेला लागले, वास जिन्यातून वर आला, आणि काम संपल्याशिवाय हशराचं जेवण वाढता येत नाही. तोलिब-उस्ताने पियाला खाली ठेवला. "भात करपेल," म्हणाला. "मी काम करत नाहीये हां. मी नुसतं धरतोय." त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, धाग्यावर टेप गुंडाळून दोन्ही पक्षांची तोंडं बंद केली, आणि नुसतं धरूनच नळ बसवून टाकला. गरम आणि थंड एवढं मात्र उलट लागलं. तांबड्या खुणेला थंड, निळ्याला गरम. "लक्षात राहील," तो म्हणाला, "एकदा भाजलं की."

पाणी आलं तेव्हा जिन्यात खालपर्यंत ओरडा झाला. रिख्सी-अकांनी हात वर करून दुवा मागितली, या नळाचं पाणी या घराला लाभो, म्हातारीला उदंड आयुष्य मिळो. सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले. मीही फिरवले, माझे अजून ओलेच होते. मग मंडळी जेवली, जेवली म्हणजे जेवलीच, कढई खरवडली, आणि एकेक करत गेली. मार्गारिता पाव्लोव्ना जाता जाता हळूच म्हणाल्या, "छत आपण दोघं मिळून रंगवू. अंगणात कुणासमोर बोललात तर याद राखा."

एर्गश संध्याकाळी गेला. आई राहिली.

मी तिला न्हाणीघरात नेलं, एखाद्याला नवं घर दाखवायला नेतात तसं. दिवा लावला. "एका बोटाने," मी म्हणालो. तिने बोट लावलं, पाणी आलं. बोट दाबलं, थांबलं. पुन्हा लावलं.

"हलका आहे," ती म्हणाली. "आता कुणाला हाक मारायला नको."

मी त्या रात्री इतका समाधानाने झोपलो की सआदतला मला हलवावं लागलं, घोरतो म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत सुरू झालं. सकाळी मी दवाखान्यात, सआदत दुकानात. आई घरी. शेजारचं कुणी आलं नाही. का येईल? काम संपलं होतं, आणि डॉक्टरच्या घरी न बोलावता कोण जातं? संध्याकाळी आलो की मी कोट काढायच्या आधी विचारायचो, "नळ कसा आहे?"

"चांगला आहे."

"भाजलं नाही ना? तांबडं थंड, निळं गरम."

"नाही रे, लक्षात आहे."

एवढं झालं की मला दिवसाचं चीज झाल्यासारखं वाटायचं. दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या प्रत्येक माणसाला मी सांगत होतो, आई आमच्याकडे आहे, नवरोजपर्यंत. तोंड उघडं असल्यामुळे कुणी काही उलट बोलू शकत नव्हतं. एकदा सआदत म्हणाली, "आज जरा लवकर याल का? त्या दिवसभर खिडकीत बसलेल्या असतात." मी म्हणालो, तिला खिडकी आवडते.

आठवडा होतो न होतो तोच एका संध्याकाळी दारात एर्गशचे जोडे दिसले. भोंगा वाजल्याचं मी या वेळी ऐकलं नव्हतं. आई बाहेरच्या खोलीत रुमाल बांधून बसली होती, बोचकं मांडीशी.

"नळ बिघडला?" माझ्या तोंडून पहिलं तेच आलं.

एर्गशने खाली बघितलं.

"नळाला काय धाड भरलीय," आई म्हणाली. "सोन्यासारखा आहे. मीच फोन केला याला."

"मग? काय कमी पडलं तुला?"

ती थोडी विचारात पडली. खरंच शोधत होती, असं मला वाटतं. मग म्हणाली, "तिकडे ती मुहय्या आहे ना, याची सून. पहाटे झारीने पाणी घालते हातावर. घालताना तोंड चालूच. गाईने लाथ मारली, नवरा बोलला, शेजारणीने साखर परत दिली नाही. मी ओरडते, कार्टे, वजू करताना गप्प बस. गप्प बसत नाही. दिवसातून पाच वेळा ओरडते मी तिच्यावर." ती बोचक्याची गाठ चाचपत होती. "इथे ओरडायला कुणी नाही रे."

"मी आहे ना!"

"तू येतोस, नि नळ कसा आहे विचारतोस. मी सांगते चांगला आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मला मात्र राग आला. मी बोललो. भिंत फोडली, मोहल्ला बोलावला, कचेरीचे उंबरे झिजवले, सगळ्यांसमोर टबात उभा राहिलो, कुणासाठी? सआदतने माझ्या दंडाला हात लावला तरी मी बोलतच राहिलो. आईने सगळं ऐकून घेतलं, फोनवर घेतलं होतं तसंच.

"तो रविवार छान होता," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्याकडे पाणीच नव्हतं."

एर्गशने बोचकं उचललं. जिना उतरताना आईने माझा हात धरला होता, प्रत्येक पायरीला घट्ट दाबत होती, आणि गाडीपाशी गेल्यावर तिने तो सोडून एर्गशचा धरला. मी गाडीच्या काचेवर टकटक केलं. तिने हात हलवला.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि ते कुणापुढे दाखवायची सोय नव्हती, कारण मांडवाखाली रिख्सी-अका बसले होते.

"आई गेली?" त्यांनी विचारलं. "नळ गळतो वाटतं?"

"नाही गळत."

"लाजू नका डॉक्टर. मी म्हटलं होतं नुसता धागा लावा. टेपने घात केला." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "येत्या रविवारी पुन्हा लागू सगळे. दोन तासांचं काम."

मी नको म्हणालो. तेव्हापासून मोहल्ला माझ्यावर रुसलाय. शिकलेला माणूस, गरज संपली, असं म्हणतात. चिलोनझारभर बातमी आहे की दातांच्या डॉक्टरच्या घरचा नळ इतका गळतो की म्हातारी आई निघून गेली. परवा एकजण दात दाखवायला आला, त्याने आधी मला विचारलं, "हा गळणार नाही ना?"

दर शुक्रवारी मी पार्केंटला फोन करतो. आई तब्येत विचारते, सआदतचं विचारते, मग जरा थांबते. मला कळतं की ती काहीतरी शोधतेय. शेवटी विचारते, "नळ कसा आहे?"

"चांगला आहे," मी सांगतो.

मागे मुहय्याची बडबड चालू असते. आई तोंड फिरवून तिच्यावर ओरडते, ती उलट बोलते, आई आणखी ओरडते, आणि त्या भरात फोन हातात आहे हेच विसरते. मी ठेवत नाही. दोघींचं संपेपर्यंत कानाला लावून बसतो.